लाल, दुसऱ्या हातून

प्रिय टापटीप,

आधी खाली बस. हे पत्र उभ्यानं वाचायचं नाही, जेवता जेवता वाचायचं नाही आणि शेवटचं पान आधी उघडून बघायचं नाही. ही शेवटची अट तुला घालायची गरज नाही म्हणा. तू पाकीटसुद्धा कात्रीनं सरळ रेषेत कापलं असशील, पानं क्रमानं लावून घेतली असशील आणि मग चष्मा पुसून वाचायला बसला असशील. मी मात्र तुझ्या मानासाठी आज टेबल आवरलं. म्हणजे टेबलावरचं सगळं उचलून खुर्चीवर ठेवलं, आणि आता खुर्ची अडल्यामुळे मी उभ्यानं लिहिते आहे. फोन का केला नाही, असं मनात आलं असेल. केला असता तर तू "बरं", "अच्छा", "छान" एवढं बोलून ठेवून दिला असतास, इथून गेल्यापासून ठेवतोस तसा. शिवाय मला मधेच हसू फुटलं असतं आणि तुला वाटलं असतं मी तुझी थट्टा करते आहे. पत्रात हसलेलं ऐकू जात नाही, तेवढीच सोय.

बातमी आपल्या लाल रंगाची आहे. तो शब्द वाचून तू आत्ता ओठ घट्ट मिटले असशील, तेही मला इथून दिसतं आहे. एकदाच दिसलं आणि पुन्हा कधी आलं नाही ते लाल, ज्याच्यापायी तू स्वतःवरचा विश्वास घालवून बसलास आणि आम्हाला सोडून गेलास, तेच. पुढे काय झालं ते क्रमानंच सांगणार आहे, कारण निकाल आधी सांगून टाकला तर माणूस कृती नीट वाचत नाही, हे तुझंच म्हणणं. आणि तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही पुन्हा सांगणार आहे, कंटाळायचं नाही. त्या दिवसांची जी हकीकत तुझ्या डोक्यात पक्की बसली आहे ती चुकीची आहे, म्हणून मला ती पहिल्यापासून सांगायची आहे.

तर पहिल्यापासून, आईला समजावते तसं. लिंबाच्या आंबटपणात असतं ते आम्ल आणि खतात असतो तो युरिया, दोन्ही शुद्ध करून घेतलेले, पाण्यात विरघळवायचे आणि बीकर मायक्रोवेव्हमध्ये ठेवून द्यायचा. पाणी उकळून उडून जातं, मागे राहिलेलं पिवळं होतं, मग तपकिरी, मग फसफसून फुगतं आणि काळं पडतं. शेगडीवर ज्या कामानं तासन्‌तास खाल्ले असते ते काम काही मिनिटांत. त्या काळ्या खरवडीत कार्बनचे इतके बारीक कण असतात की केसाच्या जाडीत हजारो मावावेत. नॅनोकण ते हेच. ते पाण्यात घेऊन गाळायचे, पडदे ओढायचे, अतिनील दिवा लावायचा, की ते चहाच्या चोथ्यासारखं दिसणारं पाणी एकदम निळं उजळतं. आईचं यावर एकच म्हणणं असतं, एवढं शिकून शेवटी करपवायचंच होतं, तर माझ्या स्वयंपाकघरात काय कमी करपवलंस?

निळं सगळ्यांनाच जमतं. आपल्या प्रयोगशाळेच्या मॅडमना लाल हवं होतं. निळा उजेड अंगात फार खोल शिरत नाही, लाल त्यापेक्षा बराच आत जातो. टॉर्चवर तळहात ठेवला की बोटं लाल दिसतात ती त्यामुळेच. लाल उजळणारे कण हाती आले, तर कधीतरी शस्त्रक्रिया करणाऱ्याला गाठ नेमकी कुठवर पसरली आहे ते डोळ्यांनी दिसेल, ही त्यांची आशा. त्यांच्या धाकट्या बहिणीच्या वेळी ते दिसलं नव्हतं. हे त्या कधी बोलल्या नाहीत, पण आपल्याला माहीत होतं, आणि म्हणून त्यांची शांत आवाजातली बोलणी खाऊनही आपण दोघं तिथे टिकून होतो.

आणि या एवढ्या मोठ्या आशेसाठी आपल्याकडे काय होतं, तर आत्याबाई. कुणाच्या तरी घरातून निवृत्त होऊन आलेला तो जुना मायक्रोवेव्ह. काचेच्या ताटलीखाली चाकांची कडी असते ना, तिचं एक चाक तुटलेलं, त्यामुळे ताटली फिरायची नाही आणि खालची मोटर नुसती "घर्र टक, घर्र टक" करत राहायची. सारखी कुरकुर म्हणून मी नाव ठेवलं आत्याबाई, आणि तू, दोन सख्ख्या आत्यांचा लाडका भाचा, माझ्याशी कितीतरी दिवस तुटक बोलत होतास. पण दुसरं यंत्र नव्हतं. तू बीकर आत ठेवायचास, मी कानांवर हात ठेवायचे आणि म्हणायचे की या बाईंनी माझं डोकं उठवलंय.

तो दिवस आठव. जेवणानंतरची वेळ, खिडकीत ऊन, तू पडदे ओढलेस आणि दिवा लावलास. मी माझ्या टेबलावर झाकण शोधत होते, अर्थातच. तू दिवा बंद केलास, चष्मा पुसलास, पुन्हा लावलास, पुन्हा बंद केलास. मला वाटलं दिवाच बिघडला. मग तू अगदी हळू आवाजात विचारलंस, "तुलाही लाल दिसतंय का?" मी वळून बघितलं आणि अशी किंचाळले की वरच्या मजल्यावरचे लोक आग लागली समजून जिना उतरून आले. तू मात्र मलाच दटावलंस. "ओरडू नकोस, एकदाच आलंय." कारण मॅडमचा दोन हातांचा नियम. एकाच्या हातून आलेला निकाल फळ्यावर चढत नाही. दुसऱ्यानं तो स्वतःच्या हातानं करून दाखवायचा, आणि पहिल्यानं त्या वेळी हात पाठीमागे घेऊन नुसतं उभं राहायचं, बोटसुद्धा लावायचं नाही. दुसरी मी होते, आणि माझी पाळी दुसऱ्या दिवशी होती. त्या संध्याकाळी घरी जाताना बसथांब्यावर तू मला जे म्हणालास, ते मी इथे लिहीत नाही. ते शेवटी.

दुसऱ्या दिवशी मी आले तर आत्याबाई ओळखू येईनात. आतून पुसलेल्या, दाराची काच लख्ख, वायरसुद्धा नीट वेटोळं करून बांधलेली, आणि ताटलीखाली नवी कोरी कडी. ताटली अशी फिरत होती की बघत राहावं. आवाज नाही, अडखळणं नाही. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तू लाजलास. मग मी केलं, तू हात मागे घेऊन उभा राहिलास, आणि आलं निळं. पुन्हा केलं, निळं. मॅडम म्हणाल्या, आता तू करून बघ. तू केलंस, तरी निळंच.

त्यानंतरचं सगळं किती केविलवाणं होतं आणि तरी आठवलं की मला हसू येतं! आम्लाची जुनी बाटली, नवी बाटली. या नळाचं पाणी शुद्ध केलेलं, त्या नळाचं पाणी शुद्ध केलेलं. तू सगळी काचेची भांडी इतक्यांदा धुतलीस की तुझ्या बोटांची सालपटं निघाली. एकदा तर तू त्या दिवशी घातला होतास तोच शर्ट घालून आलास, आणि मी हसले तेव्हा गंभीरपणे म्हणालास, त्या दिवसापासून बदललेली एकही गोष्ट शिल्लक ठेवायची नाही. आणि हे बोलताना तुझा हात आत्याबाईंच्या दारावर होता! ते चित्र अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

मग ती बैठक. बाहेरच्या प्रयोगशाळेतून आलेले ते गोड बोलणारे पाहुणे. तू उभा राहून सगळं सांगितलंस, आणि त्यांनी विचारलं, पुन्हा आलं का? तू म्हणालास, नाही. ते हसले आणि म्हणाले, "बीकरला एखाद्या रंगाचा थेंब लागला असेल हो, होतं असं." त्यांच्या मनात काही वाईट नसेल, संध्याकाळपर्यंत ते विसरूनही गेले असतील. पण तुझा चेहरा मी बघितला होता. त्या दिवसानंतर तू स्वतःच म्हणायला लागलास की माझ्याकडूनच काहीतरी घाण पडली असेल. तू! ज्याच्या टेबलावर धूळसुद्धा विचारून बसायची! मॅडमनी समजावलं, मी भांडले, पण तू राजीनामा दिलास आणि दुसऱ्या गावी पाण्याच्या फिल्टरच्या कारखान्यात कोळसा तपासायला गेलास. निदान कोळसा काळाच राहतो, म्हणालास. मला तुझा इतका राग आला होता की तुला निरोप द्यायला मी आले नाही. जिन्याच्या खिडकीतून बघत होते.

तू गेल्यावर नवीन यंत्र आलं. खास प्रयोगशाळेसाठी बनवलेलं, आतला ताप सगळीकडे सारखा, तापमान सांगाल तिथे थांबणार, आवाज म्हणशील तर श्वास घेतल्याएवढा. मी तिला सूनबाई म्हणते. फार गुणी. हव्या तेवढ्या वेळा करा, दर वेळी अगदी तेच निळं. तुझ्या जागेवर माझा पसारा पसरत गेला, आधी एक टोपली, मग पुस्तकं, मग मीच. मॅडम एकदा म्हणाल्या, त्याची जागा भरायची का? मी म्हटलं, भरली आहे की, बघा ना. आणि हो, ती लाल पाण्याची बाटली तू फेकून द्यायला सांगितली होतीस, मी हो म्हटलं आणि चंदेरी कागदात गुंडाळून माझ्या खणात अगदी मागे सारली. माझ्या खणातली वस्तू मलाच सापडत नाही, तर दुसऱ्या कुणाच्या हाती काय लागणार.

आता खरी गंमत ऐक. मागच्या महिन्यात दादा आणि वहिनी राहायला आले होते. आईनं त्यांच्या कौतुकासाठी एक लांबोडकं काचेचं भांडं आणलं, आणि उरलेला भात त्यात भरून आमच्या घरच्या मायक्रोवेव्हमध्ये कोंबला. भांडं एवढं लांब की त्याचे कोपरे भिंतींना अडले. ताटली फिरेना. आत सुरू झालं, घर्र टक, घर्र टक. आईनं ते बाहेर काढलं, दादानं घाईघाईनं घास घेतला आणि तोंड भाजून टुणकन उडाला, आणि त्याच भांड्यातला वहिनीच्या ताटात पडलेला भात थेट फ्रीजमधून काढल्यासारखा. आई कमरेवर हात ठेवून मला म्हणाली, "हे बघ तुझं विज्ञान. एका कोपऱ्यात वणवा पेटलाय आणि दुसऱ्या कोपऱ्यातला भात थंडीनं काकडतोय." सगळे हसत होते, मीही हसत होते, आणि एकदम माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. तो आवाज मी ओळखला होता. मी आईला म्हटलं, परत लाव. ती म्हणाली, अगं झाला गरम. मी म्हटलं, भातासाठी नाही, आवाजासाठी लाव. वहिनीनं दादाकडे असं बघितलं की हिला कुणाला तरी दाखवायला हवं.

तुझ्या आत्तापर्यंत लक्षात आलं असेल. आलं ना? मायक्रोवेव्हच्या लहरी आतल्या भिंतींवर आपटून एकमेकींत मिसळतात, काही जागी जोर धरतात आणि काही जागी नाहीशा होतात. म्हणून तर ताटली फिरते, सगळ्या अन्नाला सगळ्या जागा पाळीपाळीनं मिळाव्यात म्हणून. ती अडकली आणि बीकर नेमका जोराच्या जागी असला, तर त्याला दम खायलाच मिळत नाही. त्यात आतलं एकदा काळं पडायला लागलं की तो कार्बन आणखी लहरी ओढतो, आणखी तापतो, आणखी काळा होतो, आणि निळ्याच्या पुष्कळ पुढे जाऊन पोचतो. यातलं काय आपल्याला माहीत नव्हतं? हे सगळं आपण दोघं वर्गात शिकवू शकलो असतो. पण त्या नव्या कडीला आपण दुरुस्ती म्हटलं. तो बदल आहे हे आपल्या दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. बाटल्या, पाणी, शर्ट, सगळं तपासलं, आणि जे यंत्र आधीपेक्षा चांगलं झालं होतं त्याच्यावर संशय घ्यायचा राहून गेला.

दुसऱ्या दिवशी मी धावतच आत्याबाईंना शोधायला निघाले. सूनबाई आल्यावर त्यांची रवानगी कोठारात झाली होती. आपले स्टोअरकाका कुठलीच वस्तू टाकत नाहीत, हे किती बरं आहे हे मला त्या दिवशी कळलं. कोठारातल्या एकुलत्या एका खिडकीपाशी आत्याबाई बसल्या होत्या, अंगावर पांघरूण आणि डोक्यावर काकांची कुंडी. काका देईनात. म्हणाले, "माझ्या झाडाला तिथेच ऊन मिळतं. तिला हलवलंत तर झाड कुठे ठेवू?" मी माझं स्टूल दिलं कुंडीसाठी. त्यामुळे सध्या मला उभ्यानं काम करावं लागतं, आणि बघ, पत्रही उभ्यानंच चाललं आहे.

कडी काढली, ताटली तशीच खाली ठेवली, बीकर मधोमध ठेवला आणि बटण दाबलं. घर्र टक. माझा आनंद गगनात मावेना. पडदे ओढले, दिवा लावला, आणि निळं. खोटं कशाला सांगू, क्षणभर वाटलं, खरंच तो थेंबच असेल तर? मग मी उगीच तुझ्या जखमेवरची खपली काढणार. सगळं आवरून, म्हणजे माझ्या पद्धतीनं आवरून, मी बाकावर बसून राहिले. मॅडम आल्या. त्यांना सगळं सांगितलं, भातासकट. त्या म्हणाल्या, "बीकर मधोमध का ठेवलास? तो स्वतः मधोमध ठेवायचा का?" नव्हतास ठेवत तू. तुटलेल्या चाकामुळे ताटली कलायची आणि बीकर पुढे घसरायचा, म्हणून तू तो कुठल्या तरी कोपऱ्यात ठेवायचास. कुठल्या ते मला काही केल्या आठवेना, आणि तुला विचारायची माझी हिंमत नव्हती. नुसतं विचारलं असतं तरी तुझी झोप उडाली असती.

मग मॅडमनीच युक्ती सुचवली. चॉकलेटच्या मोठ्या वड्या आणून ताटलीभर पसरल्या आणि थोडाच वेळ यंत्र चालवलं. चार चार बोटांच्या अंतरावर डबकी झाली होती, मधली वडी मात्र तशीच टणक. मागे डावीकडे सगळ्यात मोठं डबकं. स्टोअरकाका डोकावले आणि म्हणाले, "हे आता खायचं का?" मी म्हटलं, काका, यात आजवर काय काय करपलंय ते तुम्हाला माहीत आहे. ते बराच वेळ त्या चॉकलेटकडे बघत उभे होते. ताटली पुसून मी त्या डबक्याच्या जागी पेननं खूण केली. मागे डावीकडे! खूण केली आणि आठवलं, तू बीकर ठेवताना नेहमी तुझं डावं कोपर माझ्या बाजूला यायचं आणि मी ते ढकलायचे.

या वेळी नियमानं करायचं ठरलं. दुसरा हात माझा, आणि पहिल्यानं हात मागे घेऊन उभं राहायचं. तू नव्हतास, तर तुझ्या जागी मॅडम उभ्या राहिल्या, हात पाठीमागे, अगदी तुझ्यासारख्या ताठ. मी मोजमाप इतकं काळजीपूर्वक केलं की तू बघितलं असतंस तर मला ताप आलाय समजला असतास. आत्याबाई कुरकुरत होत्या. आतलं फुगलं, काळं पडलं, आणि ते काळं वेगळंच होतं, जरा चकाकणारं. पाण्यात घेतलं, गाळलं, पडदे ओढले. दिव्याच्या बटणावर बोट ठेवलं आणि ते दाबवेना. मॅडम म्हणाल्या, "दाब गं." मी दाबलं.

लाल. अरे, लाल! पाण्यात निखारा ठेवावा आणि तो विझूच नये, तसं. मी या वेळी ओरडले नाही. कसंबसं विचारलं, "तुम्हालाही लाल दिसतंय का?" आणि विचारल्यावर लक्षात आलं की हे तुझे शब्द आहेत. मॅडमनी चष्मा काढला, पदरानं डोळे पुसले, चष्मा घातला, आणि मग त्या, ज्यांनी आजवर कधी आवाज चढवला नाही, त्या अशा ओरडल्या की वरच्या मजल्यावरचे लोक पुन्हा एकदा जिना उतरून आले. या वेळी एकानं बादलीसुद्धा आणली होती.

त्यानंतर मी आठवडाभर दुसरं काही केलेलं नाही. खुणेवर ठेवलं की लाल. दोन बोटं सरकवलं की हिरवट. कडी बसवून ताटली फिरवली की निळं. कडी काढून परत खुणेवर, की लाल. माझ्या खणातून तुझी बाटली काढली, तिला शोधायला सकाळ गेली ते सोड. दोन्हींच्या उजेडाचे आलेख काढले आणि एकावर एक ठेवले. मॅडमना दाखवले तर त्या विचारतात, दुसरी रेघ कुठाय? इतक्या त्या एकमेकींत मिसळल्या होत्या. तेव्हा हे वाच आणि मग परत एकदा वाच. तुझ्याकडून काहीही पडलं नव्हतं. थेंब नव्हता, घाण नव्हती. तू जे बघितलंस ते खरं होतं आणि पहिल्या दिवसापासून खरं होतं. फळ्यावर आता "लाल" असं लिहिलं आहे, खाली पहिलं नाव तुझं आणि दुसरं माझं. मॅडमनी त्या गोड बोलणाऱ्या पाहुण्यांना स्वतः फोन करून सांगितलं, आणि तेही मनापासून खूश झाले म्हणे. तुझ्या जागेबद्दल मॅडम तुला वेगळं पत्र पाठवणार आहेत. मला म्हणाल्या, "कामाचं मी लिहिते. तुझं तू लिही." मी म्हटलं, माझं कसलं? त्या म्हणाल्या, "मला काय विचारतेस?" आणि निघून गेल्या. या घरात, या ऑफिसात, आई धरून सगळ्यांना सगळं कळतं आणि सगळे मूग गिळून बसतात.

एक राहिलं. ते लाल बघायला स्टोअरकाकाही आले होते. सगळं समजून घेतल्यावर त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "म्हणजे ती कडी मीच दुकानातून आणवली होती की. पण मी काय करणार? कोठार उघडायच्या आधी तो दारात येऊन उभा होता. म्हणाला, काका, आजच्या आज हवी. आज ती करणार आहे, आणि तिला त्या आवाजानं डोकं दुखतं." काका हे सहज बोलून गेले. मी मात्र हात धुवायचं निमित्त करून आत गेले आणि नळ सोडून कितीतरी वेळ हसले, आणि थोडी रडलेसुद्धा. सगळ्या जगात एवढी मोठी चूक एवढ्या चांगल्या कारणासाठी आणखी कुणी केली असेल असं मला वाटत नाही. आत्याबाईंची कुरकुर आता मला गोड लागते.

आणि आता बसथांबा, ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं. त्या संध्याकाळी आपण दोघंच होतो, तू दोनदा घसा साफ केलास, डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतलीस आणि म्हणालास, "उद्या तुझ्या हातून लाल आलं ना, की मला तुला एक विचारायचं आहे." मी म्हटलं, आत्ताच विचार की. तू म्हणालास, "नको, एकदाच आलंय." आणि बस आली, आणि तू रांगेतल्या सगळ्यांना पुढे सोडून शेवटी चढलास. मग निळंच येत राहिलं आणि तू विचारलंच नाहीस. तुला वाटलं असेल मी विसरले. मी किल्ल्या हरवते, झाकणं हरवते, एकदा सूनबाईंचं माहितीपत्रक हरवलं होतं, पण तुझं ते वाक्य माझ्याकडे अगदी जागच्या जागी आहे. दर वेळी निळं दिसलं की तुझा चेहरा पडायचा तो कामासाठी, आणि माझा पडायचा तो त्या प्रश्नासाठी. तेव्हा आता ऐक. लाल माझ्या हातून आलं. मॅडम साक्षीला होत्या, हात पाठीमागे घेऊन. तुझी अट पुरी झाली, नियमाप्रमाणे झाली, आणि आता तुला काही सबब उरलेली नाही. पत्रानं विचारू नकोस, फोनवर तर मुळीच नको. ये, समोर उभा राहा आणि विचार. उत्तराची काळजी करू नकोस. ते मी एकदाच देईन, आणि ते दुसऱ्या कुणाच्या हातून तपासून घ्यावं लागणार नाही.

तुझीच,
पसारा